हँडरेलसाठी कोणता पाइप? नेरुळमधल्या 14 मजली इमारतीच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळमध्ये पाम बीच रस्त्याच्या बाजूला पुनर्विकासातली 14 मजली निवासी इमारत उभी राहते आहे. धातूचं काम चार ठिकाणी आहे: मुख्य जिना, पोडियमवर (इमारतीच्या उंच चौथऱ्यावर) जाणारा रॅम्प, गच्चीचा कठडा आणि क्लबहाउसमधला काचेचा जिना. फॅब्रिकेटरने सगळीकडे 304 ग्रेड स्टेनलेसचा 50 मिमी गोल पाइप, 1.5 मिमी जाडीचा, खांबांसकट एकाच दरात दिला आहे. विकासकाला मात्र 60×40 चा आयताकृती पाइप हवा आहे आणि तोही काळा. यातलं काय घ्यावं?

दोन्ही प्रस्ताव जसेच्या तसे घेऊ नका. गोल पाइप बरोबर आहे, पण सगळीकडे 50 चा नको, आणि खांबाला 1.5 मिमी तर नकोच. 60×40 मुठीत येत नाही. कठड्याची वरची आडवी पट्टी म्हणून तो चालेल, हँडरेल म्हणून नाही. ग्रेडचा निर्णय चारही ठिकाणी एक असण्याचं कारण नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. साइटवर सगळ्यालाच 'रेलिंग' म्हणतात आणि त्या एका शब्दात दोन वेगळी कामं मिसळतात. कठडा माणसाला पडण्यापासून अडवतो. हँडरेल चढता-उतरताना धरायची असते. कठड्याला उंची आणि आडव्या धक्क्याला टिकण्याची ताकद लागते. हँडरेलला मुठीत बसणारा आकार आणि हात न अडता सरकणारी सलग लांबी लागते. जिन्यावर बहुतेक वेळा एकच पाइप दोन्ही कामं करतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. रॅम्पवर आणि काचेच्या कठड्यावर तो फरक विसरला की काम चुकतं.

आता हाताचं. पाय घसरतो तेव्हा माणूस हँडरेलवर हात ठेवत नाही, ती आवळतो. त्या क्षणी अंगठा आणि बोटं पाइपच्या खालून एकमेकांकडे आली तरच पकड बसते. सुगम्यतेच्या भारतीय मार्गदर्शिकांत म्हणूनच 38 ते 45 मिमी व्यासाचा गोल आकार सांगितला आहे आणि भिंतीपासून किमान 50 मिमी मोकळी जागा. अमेरिकेचा नियम जरा सैल आहे: गोल असेल तर 32 ते 51 मिमी, आणि गोल नसेल तर परिघ 100 ते 160 मिमी, शिवाय छेदाचं सर्वांत मोठं माप 57 मिमीच्या आत. हा परिघाचा नियम चौकोनी आकार तपासायला फार उपयोगी पडतो. 60×40 चा परिघ 200, म्हणजे बाद. 50×50 चाही 200, तोही बाद. 50×25 चा परिघ 150 आणि कर्ण जवळजवळ 56, जेमतेम बसतो. 40×20 आरामात बसतो. 50×12 ची फ्लॅट पट्टी कागदावर बसते, पण तिच्या कडा किमान 3 मिमी त्रिज्येने गोल केल्या नाहीत तर तळहातात रुततात, आणि फॅब्रिकेटर कडा मारण्याचं काम हमखास टाळतो. 50.8 चा गोल पाइप (प्रस्तावातला '50 मिमी' म्हणजे हाच) अमेरिकन मर्यादेत कसाबसा मावतो, पण ज्येष्ठांच्या आणि मुलांच्या हाताला तो जाडच आहे. निवासी इमारतीत जिना सर्वांत जास्त धरणारी माणसं तीच असतात. त्यामुळे धरायच्या पाइपसाठी माझं मत 38.1 किंवा 42.4, याच दोघांतलं एक.

गोल पाइपच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते वेल्डिंगच्या टेबलावर समजतं. जिन्याच्या वळणावर पाइप एकाच वेळी आडवा वळतो आणि उतारही बदलतो. दोन सारख्या व्यासाचे गोल पाइप कुठल्याही कोनात भेटू द्या, मधल्या कोनातून कापले की दोन्ही तोंडं एकाच मापाची अंडाकृती येतात आणि सांधा तंतोतंत जुळतो. आयताकृती पाइपचं तसं नाही. नुसतं वळण किंवा नुसता उतार असेल तर तो जुळतो. दोन्ही एकदम आले की एक पाइप दुसऱ्याच्या तुलनेत पिळलेला दिसतो, कडेला कड मिळत नाही. मग फॅब्रिकेटर फट भरून घासतो आणि दर लँडिंगवर कोपरा वेगळा दिसतो. आयताकृतीच हवा असा आग्रह असेल तर वळणावर हँडरेल आधी आडवी करून घ्या, मग वळवा, मग उतरवा. म्हणजे प्रत्येक सांध्यात एकच बदल राहील.

वळणाची खरी दुरुस्ती मात्र आरसीसीच्या नकाशात आहे. खालच्या टप्प्याची शेवटची पायरी आणि वरच्या टप्प्याची पहिली पायरी एकाच रेषेत असतील, तर वळणावर दोन्ही हँडरेलच्या उंचीत एका राइझरएवढी, म्हणजे एका पायरीच्या उंचीएवढी, उडी येते. एक टप्पा एका ट्रेडने, म्हणजे पाय ठेवायच्या एका रुंदीने, मागे सरकवला की दोन्ही उतार वळणावर एकाच उंचीला भेटतात आणि तयार गोल बेंडने काम होतं. स्लॅब अजून झाला नसेल तर हा बदल आजच करा, नंतर तो होत नाही.

पाइप मागवताना नावात फसगत होते, तिकडे लक्ष द्या. 'दीड इंची' म्हटलं की स्टेनलेसच्या दुकानात 38.1 मिमी बाहेरच्या व्यासाची ट्यूब मिळते. लोखंडी पाइपच्या दुकानात दीड इंच म्हणजे 40 एनबी (नाममात्र आतलं माप), आणि त्याचा बाहेरचा व्यास 48.3 मिमी असतो. सव्वा इंची म्हणजे 32 एनबीचा बाहेरचा व्यास 42.4. कळंबोलीच्या बाजारात चौकशी करा की रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये, ऑर्डरवर इंच लिहूच नका. बाहेरचा व्यास आणि जाडी, दोन्ही मिमीमध्ये लिहा. गेजही नको. 16 गेज म्हणजे 1.6 मिमी आणि 18 गेज म्हणजे 1.2 मिमी, आणि 'सोळा गेज' सांगून अठराचा माल येणं ही या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे. वजनाने ते लगेच पकडता येतं. स्टेनलेस पाइपसाठी बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग 0.0249 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे मीटरचं वजन किलोत. 50.8×1.5 चा वीस फुटी पाइप साधारण 11.2 किलो भरायला हवा. तो 9 किलो भरला तर जाडी 1.2 आहे. व्हर्निअर कापलेल्या टोकाला लावा, पण कापताना आलेली बर, म्हणजे कडेचे खरखरीत काटे, आधी घासून काढा, नाहीतर 1.2 सुद्धा 1.5 दिसतं.

आता ताकदीचा हिशेब. माझ्या मते दिलेला प्रस्ताव सर्वांत मोठी चूक इथे करतो. आयएस 875 (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात कठड्याच्या माथ्यावरचा आडवा भार दिला आहे: घराच्या आतल्या खासगी जिन्याला मीटरला 0.35 किलोन्यूटन, इतर जिने, लँडिंग, बाल्कनी आणि गच्चीला 0.75, आणि गर्दी जमते अशा सभागृहासारख्या ठिकाणी 2.25. इमारतीचा सामाईक जिना आणि गच्ची 0.75 मध्ये येतात, म्हणजे दर मीटरला साधारण 75 किलोचा रेटा.

खांब एक मीटर उंच आणि एक मीटर अंतरावर धरला, तर बुडाशी 750 न्यूटन-मीटरचा बाक येतो. 304 चं यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो तो, किमान 205 मेगापास्कल. 50.8×1.5 च्या पाइपमध्ये या भाराला ताण येतो जवळपास 270. म्हणजे सुरक्षेचा कुठलाही गुणक न लावतासुद्धा खांब वाकून तसाच राहील. 2 मिमीला ताण 208, तोही काठावरच. 3 मिमीला 147, म्हणजे यील्डच्या बरंच आत. 1.5 मिमीच्या खांबाचा माथा याच भाराला 18 मिमी झुकतो, 3 मिमीचा 10. 'हलतंय' अशी तक्रार जिथून येते, ती बहुतेक वेळा इथली किंवा बेसप्लेटची असते.

आणि धरायचा पाइप? 38.1×1.5 एक मीटरच्या टप्प्यात याच भाराला फक्त 62 मेगापास्कल ताण घेतो. म्हणजे वरचा पाइप जाड करण्यात पैसा वाया जातो आणि खांब बारीक ठेवण्यात जोखीम राहते. एकच दर लावला की नेमकं हेच होतं, कारण दोन्हीकडे एकच पाइप कापला जातो. तुमच्या कामात खांब 50.8×3 चे घ्या किंवा 50×8 च्या दोन फ्लॅट पट्ट्या एकमेकींना समांतर, रुंद बाजू धक्क्याच्या दिशेने. आणि वरून 38.1×1.5 किंवा 42.4×2 चा पाइप. पट्टी उलटी लावली, म्हणजे 8 मिमीची बाजू धक्क्याच्या दिशेला आली, तर ताकद सहापटीहून जास्त घटते. हे ड्रॉइंगमध्ये छेद काढून दाखवा, शब्दांवर सोडू नका.

जिन्याचं माप घेऊ. मजल्याची उंची 3.1 मीटर, 20 राइझर 155 मिमीचे, ट्रेड 280 असेल तर उतारावर एका पायरीची लांबी 320 मिमी येते. दर तिसऱ्या पायरीवर खांब ठेवला की उतारावरचं अंतर 960 मिमी, म्हणजे वरच्या हिशेबाच्या आत. एका टप्प्यात नऊ ट्रेड धरले तर पाइप 2.88 मीटर लागतो, म्हणजे एका सहा मीटरच्या पाइपात दोन टप्पे निघतात आणि फारसा तुकडा वाया जात नाही. वळणाला तयार बेंड वेगळे घ्या. बेंड वर्कशॉपमध्ये काढायचा असेल तर मधल्या रेषेवरची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा, 1.5 मिमीचा पाइप त्याहून घट्ट वळवला, की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि गोल पाइप चपटा होतो.

उंचीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणे जिन्याची हँडरेल ट्रेडच्या मध्यापासून 1000 मिमीवर हवी आणि कठड्यामुळे जिन्याची रुंदी कमी होता कामा नये. शेवटची अट विसरली जाते: रुंदी काठोकाठ असेल तर खांब ट्रेडवर न बसवता बाजूने, स्लॅबच्या कडेला धरावे लागतात. उंची तयार फरशीपासून मोजा. फरशीच्या आधी बसवलेला कठडा नंतर 50 ते 75 मिमी बुटका निघतो. मधल्या उभ्या सळ्यांत 100 मिमीचा गोळा जाऊ नये इतकं अंतर ठेवा. आडव्या सळ्या टाळा, मुलांसाठी ती शिडीच असते.

बेसप्लेट आणि बोल्ट. याच 750 न्यूटन-मीटरला बोल्टची भुजा 90 मिमी धरली तर मागच्या दोन बोल्टवर मिळून 8.3 किलोन्यूटन ओढ येते, प्रत्येकी सव्वाचारशे किलोच्या आसपास. ही ओढ काँक्रीटने घ्यायची आहे. प्रत्यक्षात बोल्ट काँक्रीटपर्यंत पोचलेलाच नसतो. जिन्यावर संगमरवर किंवा ग्रॅनाइट आणि खाली 40-50 मिमी मॉर्टर, गच्चीवर तर ब्रिकबॅट कोबाच (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) 100 मिमीच्या पुढे. 75 मिमीचा बोल्ट या थरांतच संपतो आणि खांब मॉर्टरच्या भरवशावर उभा राहतो. म्हणून खांब आरसीसीवर आधी उभे करा, त्याभोवती वॉटरप्रूफिंग आणि फरशी करून घ्या, आणि वरून झाकणारी गोल टोपी बसवा. प्लेट 120×120, जाडी 10 मिमी. दोन सुताची, म्हणजे 6 मिमीची प्लेट खांबाआधी स्वतः वाकते. बोल्ट एम10 चे चार, प्लेटच्याच ग्रेडचे. स्टेनलेस प्लेटला झिंकचे बोल्ट लावले की दोन पावसाळ्यांत त्यांचा तांबूस ओघळ फरशीवर उतरतो.

स्लॅबच्या कडेजवळ फुगणारा बोल्ट वापरू नका. तो काँक्रीटला आतून फाकवतो आणि कडेचा तुकडा उडतो. कडेपासून अंतर कमी असेल तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) घ्या, पण भोक ब्रश आणि हवेने साफ करूनच. भोकात धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि पूर्ण बोल्ट हाताने निघून येतो. हँडरेल भिंतीला लावायची असेल तर भिंत कशाची आहे ते आधी विचारा. मिवान शटरिंगची (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) आरसीसी भिंत असेल तर प्रश्न नाही, फक्त सळई चुकवा. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) असेल तर साधा प्लग आणि स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागे प्लेट, किंवा ब्रॅकेटच्या जागी काँक्रीटचा ब्लॉक बांधताना भिंतीतच घाला. ब्रॅकेट पाइपला खालून धरणारं हवं, बाजूने नव्हे, म्हणजे हात वरून सरकताना अडत नाही. अंतर एक मीटरच्या आसपास.

आता ग्रेड. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये याशिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. खारट हवेतला क्लोराइड स्टेनलेसवरचा अतिपातळ ऑक्साइडचा पदर जागोजागी फोडतो. मॉलिब्डेनम ते फुटणं अवघड करतं. ठाण्याची खाडी भरती-ओहोटीची, खारी आहे, आणि नवी मुंबई तिच्या पूर्व काठावर. समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा खाडी ओलांडून थेट वाशी, नेरुळ, बेलापूरच्या दर्शनी भागावर येतो. त्यात ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टाही फार दूर नाही. त्यामुळे खाडीकडे तोंड असलेल्या उघड्या कामाला 316एल (316 चाच कमी कार्बनचा प्रकार), एवढं मी ठाम सांगतो. ठाण्यातही कोलशेत, बाळकूम, कळवा या खाडीलगतच्या भागात हाच नियम लावा; येऊरच्या पायथ्याकडच्या बंद जिन्यात 304 पुरतं.

एक गोष्ट पटायला अवघड जाते: पावसात थेट भिजणाऱ्या कठड्यापेक्षा छपराखालचा, वारा खाणारा पण पाऊस न लागणारा कठडा लवकर डागाळतो. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला ते साचत राहतं आणि दमट हवेत ओलं होतं. म्हणून जाळीचा किंवा उघड्या खिडकीचा जिना 'आतला' समजू नका. तुमचा मुख्य जिना असा असेल तर त्यालाही 316एल. काचबंद असेल तर 304 ठीक. 202 ग्रेड मात्र कुठेच नको. त्यात बऱ्याचशा निकेलच्या जागी मॅंगनीज असतं, नवा दिसतो तसाच चकचकीत, आणि खाडीकाठी पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ठिपके दाखवू शकतो.

चुंबकाने ग्रेड कळत नाही. 202, 304, 316 तिन्ही मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, आणि पाइप बनवताना थंड वाकवल्याने चांगला 304 सुद्धा जरासा ओढला जातो. मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी 316 ओळखते, पण 202 आणि 304 मधला फरक ती सांगत नाही. एक्सआरएफची (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी) हातातली बंदूक निकेल, मॅंगनीज, मॉलिब्डेनम तिन्हीचे आकडे देते. 304 मध्ये निकेल 8 टक्क्यांच्या खाली किंवा मॅंगनीज 2 च्या वर दिसलं तर माल परत पाठवा. गठ्ठ्यातल्या प्रत्येक हीट नंबरचा (एका वेळी वितळवलेल्या मालाचा क्रमांक) एक पाइप तपासा, आणि खांब व बेसप्लेट वेगळ्या तपासा, कारण भेसळ बहुधा तिथेच लपते.

ग्रेड बरोबर घेऊनही काम गंजतं, त्याची कारणं बहुतेक वेळा साइटवरच असतात. वेल्डच्या बाजूला निळसर-तपकिरी पट्टा उरतो, तिथला संरक्षक पदर खराब झालेला असतो. पिकलिंग पेस्ट लावून तो काढावा आणि भरपूर पाण्याने धुवावं; नुसतं बफिंग करून चमकवला तर तो झाकला जातो, जात नाही. वेल्डिंग आर्गनवर, सळई 304 ला 308एल आणि 316 ला 316एल. ज्या चाकाने लोखंड घासलं तेच चाक स्टेनलेसवर चालवलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि आठवड्यात गंजाचे ठिपके उमटतात. पण सर्वांत जास्त नासाडी होते ती फरशीच्या अॅसिडने. काम संपताना टाइल्स धुवायला हायड्रोक्लोरिक अॅसिड मारतात, त्याची वाफ आणि शिंतोडे कठड्यावर बसतात, आणि ताबा देण्याच्या दिवशी 316 चेही खांब बुडाशी काळे पडलेले दिसतात. अॅसिड वॉश संपल्याशिवाय कठडा बसवायचा नाही, ही अट सफाईच्या ठेकेदारालाही लेखी द्या. खांब आधीच उभे असतील तर ते प्लास्टिकने बांधून घ्या आणि अॅसिड न वापरता फरशी साफ करून घ्या. पाइपवरची संरक्षक फिल्म मात्र उन्हात महिनोन्महिने ठेवू नका. तिचा डिंक भाजून चिकटतो आणि काढताना पॉलिश जातं.

पॉलिश जितकं गुळगुळीत तितकं मीठ कमी अडकतं. बाहेरच्या कामाला खरखरीत 180 ग्रिटची साटीन नको. 320 किंवा त्याहून बारीक, आणि रेघा पाइपच्या लांबीने. आरसा पॉलिश गंजाला सर्वांत चांगलं, पण त्यावर ओरखडे आणि बोटांचे ठसे दिसतात.

काळ्या रंगाचं काय? स्टेनलेसवर थेट पावडर कोटिंग करू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर ती पकड धरत नाही आणि बोल्टजवळ पापुद्रे निघतात. पीव्हीडीचा (निर्वातात वाफेने बसवलेला) काळा थर सुंदर दिसतो, पण तो इतका पातळ असतो की खालच्या 304 ला खाडीच्या हवेत वाचवू शकत नाही. घ्यायचा तर 316 वर आणि आतल्या जागी. बाहेर काळं हवं असेल तर दोन मार्ग सरळ आहेत. एक, 6063 अॅल्युमिनियम, नीट रासायनिक पूर्वप्रक्रियेनंतर 60 ते 80 मायक्रॉन पावडर कोटिंग. अॅल्युमिनियम स्टेनलेसच्या मानाने जवळपास तिप्पट झुकतं, म्हणून खांबाचा छेद त्याच हिशेबाने मोठा लागतो. ओल्या सिमेंटचा अल्कली त्याला खातो, म्हणून ते मॉर्टरमध्ये गाडायचं नाही. स्टेनलेसच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर खाऱ्या ओलीत स्क्रूभोवतीचं अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. दुसरा मार्ग, एमएस (साधा लोखंडी) पाइप गरम जस्तात बुडवून त्यावर पावडर कोटिंग. इथे 40 एनबी मध्यम जाडीचा, म्हणजे 3.2 मिमीचा पाइप खांबाला उत्तम बसतो. तोच भार त्यात 156 मेगापास्कल ताण देतो. पाइपला दोन्ही टोकांशी भोकं ठेवा, जस्त आत जाऊन बाहेर यायला. बंद पाइप जस्ताच्या टाकीत फुटू शकतो. साइटवर वेल्ड करायचं नाही, सगळे सांधे बोल्टचे. एक वेल्ड मारला की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच आत शिरतो.

पोडियमच्या रॅम्पवर कठडा आणि हँडरेल वेगळे ठेवा. कड उघडी असेल तिथे कठडा 1100 मिमी. त्याच्या आतल्या बाजूला हँडरेल दोन उंचीला, 900 आणि 760, दोन्ही बाजूंनी, 38.1 किंवा 42.4 गोल. रॅम्पच्या वर आणि खाली ती 300 मिमी पुढे न्या आणि टोक भिंतीकडे किंवा खाली वळवा, म्हणजे त्यात साडी किंवा पिशवीचा पट्टा अडकत नाही. विकासकाचा 60×40 इथे कठड्याच्या माथ्यावर वापरता येईल, कारण धरायला आत गोल पाइप आहे. सपाट माथ्यावर पाणी उभं राहू नये म्हणून त्याला किंचित आतला ढाळ द्या.

गच्चीवर लांबी महत्त्वाची. स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे 0.017 मिमी वाढतं. 20 मीटरच्या सलग पाइपला 40 अंशांच्या फरकाला साडेतेरा मिमी, अॅल्युमिनियमला अठराच्या वर. ही वाढ जाणार कुठे? ती टोकाच्या खांबाचे बोल्ट हलवते आणि तिथूनच गळती सुरू होते. दर सहा मीटरला आत सरकणाऱ्या बाहीचा सांधा द्या, एका बाजूला पक्का, दुसऱ्या बाजूला मोकळा. पोकळ खांबात कुठून तरी पाणी शिरतंच. बुडाशी, टोपीच्या वर, 6 मिमीचं भोक ठेवा.

क्लबहाउसच्या काचेवर खाच असलेला 42.4 चा गोल पाइप बसवा, 24×24 ची खाच, आत काचेच्या जाडीला बसणारी ईपीडीएम रबर. तो काचेचे तुकडे एकमेकांना बांधतो, एक फुटला तरी वरची धार जागेवर राहते, आणि मुठीतही येतो. काच लॅमिनेटेड टफन्ड घ्या. क्लबहाउसमध्ये समारंभ होणार असतील तर भार 0.75 चा धरायचा की 2.25 चा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. काचेची जाडी आणि खालचा चॅनल त्यावरच ठरतो.

काम झाल्यावर दहातला एक खांब स्प्रिंग काट्याने माथ्याशी 75 किलोने ओढून बघा. सोडल्यावर तो जागेवर परत आला पाहिजे आणि प्लेटखाली फट दिसता कामा नये. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. खाडीकडच्या आणि आडोशाच्या पाइपांना पंधरा दिवसांतून एकदा साधं पाणी आणि मऊ फडकं, सौम्य साबण चालेल. ब्लीच, अॅसिड आणि लोखंडी तारेची घासणी सोसायटीच्या सफाई कामगारांच्या यादीतून काढून टाका.